भिकू म्हात्रेची चाकरी : 'सत्या' पुन्हा पाहताना

राम गोपाल वर्मा यांचा 'सत्या' ३ जुलै १९९८ रोजी प्रदर्शित झाला आणि १७ जानेवारी २०२५ रोजी तो पुन्हा चित्रपटगृहांत लागला. मधल्या सव्वीस वर्षांत या चित्रपटाचे नाव इतक्या वेळा आदराने घेतले गेले की तो नव्याने तपासण्याची गरजच कुणाला वाटेनाशी झाली. हिंदी गुन्हेगारीपटाला त्याने वेगळे वळण दिले हे सर्वांना मान्य आहे, आणि ते खरेही आहे. मात्र लोकांच्या आठवणीत त्या पावणेतीन तासांच्या चित्रपटापैकी एकच प्रसंग ठळकपणे उरला आहे. मागे खवळलेला समुद्र, खडकावर उभा असलेला भिकू म्हात्रे आणि त्याने साऱ्या शहराला विचारलेला 'मुंबई का किंग कौन?' हा प्रश्न. या आरोळीमुळे 'सत्या' हा राज्य मिळवू पाहणाऱ्या माणसांचा चित्रपट आहे, असा समज रूढ झाला. पूर्ण चित्रपट सलग आणि लक्षपूर्वक पाहिला तर माझ्या मते तो याच्या अगदी उलट काहीतरी सांगतो. 'सत्या' हा चाकरीचा चित्रपट आहे. त्याचे खरे मोठेपण या चाकरीच्या चित्रणात आहे, आणि त्याच्या उणिवाही ही चाकरी आली कुठून हे सांगण्याचे तो टाळतो तिथेच आहेत.

कथा थोडक्यात अशी आहे. सत्या (जे. डी. चक्रवर्ती) नावाचा, मागचापुढचा काहीही पत्ता नसलेला तरुण मुंबईत येतो. बारमध्ये काम करताना जग्गा नावाच्या गुंडाशी त्याचे वैर होते, खोट्या आरोपाखाली तो तुरुंगात जातो आणि तिथे त्याची गाठ भिकू म्हात्रेशी (मनोज बाजपेयी) पडते. भिकू त्याला बाहेर काढतो, टोळीत घेतो, राहायला खोली देतो. शेजारी राहणाऱ्या, गायिका होऊ पाहणाऱ्या विद्यावर (ऊर्मिला मातोंडकर) सत्याचे प्रेम जडते; तो काय करतो हे तिला ठाऊक नसते. टोळीच्या डोक्यावर भाऊ ठाकूरदास झवळे (गोविंद नामदेव) हा राजकारणात स्थिरावलेला माणूस आहे, समोर गुरू नारायणची टोळी आहे, आणि या सर्वांच्या मागावर इन्स्पेक्टर खांडिलकर (आदित्य श्रीवास्तव) आणि पोलीस आयुक्त आमोद शुक्ला (परेश रावल) आहेत. पटकथा अनुराग कश्यप आणि सौरभ शुक्ला यांची. त्यातले शुक्ला स्वतः कल्लू मामाच्या भूमिकेत आहेत.

या चित्रपटातील गुन्हेगारी हे एक काम आहे, आणि पटकथेने ते कामासारखेच दाखवले आहे. खंडणीसाठी फोन करायचे असतात, कुणाचा हप्ता थकला याचा हिशेब ठेवायचा असतो, वकिलाला गाठायचे असते, पोरांना सांभाळायचे असते. सुरुवातीला टोळीची दोन माणसे एका चित्रपटनिर्मात्याचा खून करतात. १२ ऑगस्ट १९९७ रोजी अंधेरीत 'टी-सीरिज' या संगीत कंपनीचे मालक गुलशन कुमार यांची भरदिवसा हत्या झाली होती, आणि 'सत्या' आला तेव्हा तिला वर्षही उलटलेले नव्हते. त्यामुळे त्या वेळच्या प्रेक्षकाला या प्रसंगाचा संदर्भ कुणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. आज पाहताना खुनापेक्षा जास्त लक्ष वेधून घेते ती करणाऱ्यांची गडबड. त्यांच्यात सराईतपणा आहे, पण सफाई नाही. एक जण पकडला जातो, मार खाऊन भिकूचे नाव सांगतो आणि टोळीचा म्होरकाच आत जातो. याआधीच्या हिंदी पडद्यावरील डॉनची योजना सहसा फसत नसे. इथे माणसे चुकतात, घाबरतात, आणि त्याची किंमत मोजतात.

टोळीचे घरगुती रूप सर्वांत चांगले दिसते ते 'गोली मार भेजे में' या गाण्यात. गुलजार यांचे शब्द आणि विशाल भारद्वाज यांचे संगीत असलेले हे गाणे आजही लोकप्रिय आहे. ते पडद्यावर कसे आले आहे हे मात्र पुन्हा नीट पाहण्यासारखे आहे. अड्ड्यावर बाटल्या उघडल्या आहेत, कल्लू मामा आपले अवजड शरीर सांभाळत मध्ये आला आहे, बाकीचे त्याच्याभोवती हातपाय झाडत आहेत. कुणाचाही नाच बसवलेला वाटत नाही. कुणी मध्येच बसतो, कुणी दुसऱ्याच्या अंगावर पडतो, भिकू लहान मुलासारखा खिदळतो. नवीन आलेला सत्या सुरुवातीला बाजूला आहे आणि हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू उमटते. पगाराच्या दिवशी चार सहकाऱ्यांनी एकत्र बसावे तशी ही बैठक आहे, आणि उद्या यांपैकी कोण उरेल याची खात्री त्यांतल्या कुणालाच नाही. टोळी माणसाला धरून कशी ठेवते याचे उत्तर या एका गाण्यात मिळते: पैशाइतकेच ते या सोबतीत आहे. संजय मिश्रा, स्नेहल डाबी यांच्यासारख्या नटांना वाट्याला थोडीच दृश्ये आली असली, तरी या गाण्यानंतर त्यांची पात्रे आपल्या ओळखीची होतात, आणि म्हणूनच पुढे एकेक माणूस गळू लागतो तेव्हा ते मोजावेसे वाटते.

आता त्या आरोळीकडे वळतो. जो माणूस स्वतःला शहराचा राजा म्हणवतो, तो आपल्या सर्वांत मोठ्या शत्रूला मारायलाही मोकळा नाही. गुरू नारायण हाताशी आलेला असताना ऐन वेळी भाऊंचा हुकूम येतो की आत्ता काही करायचे नाही, निवडणूक तोंडावर आहे. भिकू संतापतो, शिव्या देतो, आणि ऐकतो. मनोज बाजपेयी यांनी हा क्षण ज्या रीतीने उभा केला आहे, तो माझ्या मते त्या गाजलेल्या आरोळीहून श्रेष्ठ आहे. हात शिवशिवत आहेत, तोंडातून शब्द बाहेर पडत आहेत, आणि तरी शरीर आज्ञा पाळत मागे सरते आहे. मालकाचे ऐकण्याची सवय लागलेल्या माणसाचा हा राग आहे. खडकावरचा भिकू ओरडतो तेव्हा त्याला ऐकायला समुद्र आणि शेजारी उभा असलेला मित्र एवढेच आहेत, ही गोष्ट त्या प्रसंगाची चित्रफीत तोडून पाहणाऱ्यांच्या ध्यानात येत नाही.

पुढे सत्याच्या आग्रहाने भिकू हुकूम मोडतो आणि गुरू नारायण मारला जातो. भाऊ वरकरणी ते पचवतात. आयुक्त शुक्लांना मारण्याची कल्पनाही सत्याचीच असते, टोळी तीही अमलात आणते, शहरात दहशत पसरते, निवडणूक पार पडते, भाऊ जिंकतात. विजयाच्या आनंदात भिकूला घरी बोलावले जाते. खाणेपिणे, हास्यविनोद चालू आहेत, आणि बोलता बोलता भाऊ त्याच्यावर गोळी झाडतात. मरतानाचे भाषण नाही, मित्राच्या मांडीवर डोके नाही, आईची आठवण नाही. इतका वेळ ज्याने पडदा व्यापून टाकला होता तो माणूस एका क्षणात जमिनीवर पडलेले कलेवर होतो. कामावरून काढून टाकण्याची ही त्या धंद्यातील रीत आहे, आणि कारणही तेच: सांगितले ते ऐकले नाही. गोविंद नामदेव यांनी भाऊंना कुठेही आरडाओरडा करू दिलेला नाही. थोडे पान खाल्ल्यासारखे बोलणे, वडीलधाऱ्याचा लोभ, आणि डोळ्यांत पूर्ण हिशेब. या भूमिकेचे जितके कौतुक व्हायला हवे होते तितके झाले नाही; बाजपेयींच्या राष्ट्रीय पुरस्काराच्या झगमगाटात ती मागे पडली. टोळीतून राजकारणात जाणारा माणूस ही तेव्हा केवळ पटकथेची कल्पना नव्हती. दगडी चाळीच्या अरुण गवळी यांनी १९९७ मध्ये स्वतःचा पक्ष काढला होता आणि २००४ मध्ये ते चिंचपोकळीतून विधानसभेवर निवडूनही गेले. मात्र भाऊंचे पात्र एका व्यक्तीवर बेतलेले न वाटता एका व्यवस्थेचे वाटते, आणि म्हणून ते टिकले आहे.

चाकरीच्या या चित्रात एक घर आहे, भिकू आणि प्यारीचे. शेफाली शाह (तेव्हाच्या शेफाली छाया) यांची प्यारी पडद्यावर फार वेळ नाही, पण ती आली की चित्रपटाचा तोल तिच्याकडे झुकतो. नवरा तुरुंगातून सुटून येतो तेव्हा ती त्याला ओवाळत नाही, त्याची खरडपट्टी काढते. दोघे कडाकडा भांडतात आणि त्याच दमात एकमेकांना बिलगतात. बाहेर ज्याच्या नावाने लोक थरथरतात, तो घरात उशिरा येणारा, मुलांकडे लक्ष न देणारा, बायकोची बोलणी खाणारा एक सामान्य नवरा आहे. सत्या, विद्या, भिकू आणि प्यारी हे चौघे एकत्र भेटतात तेव्हा प्यारीचा बेधडकपणा आणि विद्याचे बुजरेपण शेजारी शेजारी येतात. आपला नवरा काय करतो हे जाणणारी बाई आणि आपला मित्र काय करतो हे न जाणणारी मुलगी एकमेकींशी मोकळेपणाने हसतात. या प्रसंगात जो ताण आहे तो कुठल्याही गोळीबारात नाही. शेफाली शाह यांना समीक्षकांच्या पसंतीचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला, आणि इतक्या लहान भूमिकेला मिळालेला तो पुरस्कार सर्वस्वी रास्त होता.

एवढे मान्य केल्यावर उणिवांकडे आले पाहिजे, आणि पहिली उणीव शीर्षकातच आहे. सत्याला भूतकाळ नाही. तो कुठून आला, घरी कोण आहे, हे चित्रपट सांगत नाही. नायक गुन्हेगार का झाला याची करुण कहाणी सांगण्याची जी प्रथा हिंदी पडद्यावर होती, ती या चित्रपटाने मोडली, आणि त्याबद्दल त्याची वाहवा झाली. तो निर्णय धाडसी होता यात शंका नाही. मात्र त्याचा परिणाम असा झाला की या चाकरांच्या जगात कुणाचाही चाकर नसलेला एकच माणूस आहे, आणि तोच सर्वांत कमी विश्वासार्ह आहे. तो कधी घाबरत नाही, त्याला मोह नाही, काल बारमध्ये ग्लास उचलणारा हा तरुण आज टोळीच्या डावपेचांत सर्वांपेक्षा दोन पावले पुढे आहे. चक्रवर्ती यांचा संयत अभिनय चांगला आहे, पण पटकथेने त्यांना आतून आधार दिलेला नाही. भिकू, कल्लू, प्यारी ही माणसे आहेत. सत्या हा कथानक पुढे नेणारा एक हात आहे.

सत्याचा भूतकाळ काढून घेतल्याने फारसे बिघडले नसते. भिकूचाही काढून घेतला याने मात्र बिघडले. सत्या परका आहे, भिकू म्हात्रे परका नाही. म्हात्रे हे आडनाव या शहराच्या आणि त्याच्या भोवतालच्या किनाऱ्याच्या मातीतले आहे. मुंबई, ठाणे, उरण, पनवेल, अलिबाग या पट्ट्यातील आगरी, कोळी आणि इतर जुन्या समाजांत ते सर्रास आढळते. ज्यांची शेते, मिठागरे आणि कोळीवाडे या महानगराने गिळली, त्यांच्यात या आडनावाची हजारो माणसे आहेत. १९८४ च्या जानेवारीत उरण तालुक्यात नवी मुंबईसाठी घेतलेल्या जमिनींच्या मोबदल्यावरून झालेल्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांना प्राण गमवावे लागले, ही गोष्ट त्या भागातील घराघरांत आजही सांगितली जाते. अशा आडनावाचा माणूस समुद्रकाठच्या खडकावर उभा राहून हे शहर कुणाचे असे विचारतो, तेव्हा तो प्रश्न केवढा मोठा होऊ शकला असता! चित्रपटाला त्याची जाणीवच नाही. त्याने हे नाव निवडले ते बहुधा मराठी वाटते म्हणून, आणि त्यापलीकडे तो गेला नाही.

भिकूला आगरी ठरवण्याचा माझा आग्रह नाही. त्याला गिरणी कामगाराचा मुलगा केले असते तरी चालले असते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, आणि तो संप कधी रीतसर मागे घेतला गेला नाही. तो विरून गेला. लालबाग, परळ, शिवडी, वरळीच्या चाळींत जी मुले तेव्हा दहा-बारा वर्षांची होती, ती 'सत्या'च्या काळात पंचविशी-तिशीत होती. बापाची गिरणी बंद, हाताला काम नाही, आणि नाक्यावर भाईची माणसे उभी. संपाचे नेते डॉ. दत्ता सामंत यांचा १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत खून झाला, तोही सुपारी देऊन. म्हणजे चित्रपट घडत होता तेव्हाच हा इतिहास रस्त्यावर उभा होता. मराठी रंगभूमीने तो पाहिला. जयंत पवार यांच्या 'अधांतर' या नाटकात गिरणगावातील एका कुटुंबातील मुलगा टोळीकडे कसा ओढला जातो, हे याच सुमारास मांडले गेले होते. त्या नाटकातील आई आणि या चित्रपटातील प्यारी यांना शेजारी ठेवून पाहिले तर 'सत्या'त काय राहून गेले ते लगेच कळते. चाकरी कशी असते हे त्याने अचूक पकडले. ती करण्यावाचून ज्यांना पर्याय उरला नव्हता त्यांच्याविषयी तो गप्प आहे. 'कारणे सांगून गुन्हेगाराला सहानुभूती कशाला द्यायची?' असा युक्तिवाद यावर केला जातो. कारण सांगणे आणि क्षमा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि सहानुभूती तर चित्रपटाने भिकूला भरभरून दिलीच आहे. कारणाविना दिलेली सहानुभूती पात्राच्या मोहकपणावर जाऊन थांबते. भिकू आज छापील बनियनवर मिरवतो आहे, त्याचे मूळ इथे आहे.

भाषेच्या बाबतीत माझे मत थोडे मवाळ आहे. दिग्दर्शक तेलुगू, सत्याही तेलुगू नट, भिकू बिहारचा, लेखक उत्तरेतले, आणि तरी मुंबईच्या रस्त्यावरची हिंदी या चित्रपटात जितकी खरी वाटते तितकी तोवर क्वचितच वाटली होती. नवरा-बायको घरातही मुख्यतः हिंदीतच बोलतात हे म्हात्र्यांच्या घरी घडणार नाही, पण हिंदी चित्रपटाकडून तेवढी अपेक्षा करणे फाजील ठरेल. बाजपेयींच्या उच्चारात मधूनमधून येणारा मराठी हेल नकलेसारखा वाटत नाही, ही मोठीच गोष्ट आहे. आपल्याकडच्या अनेक नटांनाही हे साधत नाही.

चाकरीचे दुसरे टोक पोलिसांकडे आहे, आणि आज चित्रपटाचा सर्वांत अस्वस्थ करणारा भाग तोच आहे. खांडिलकर हा प्रामाणिक अधिकारी आहे. पकडलेले गुन्हेगार साक्षीदार फिरल्यामुळे सुटतात, वकील मुळे (मकरंद देशपांडे) हसत हसत कायद्यातून वाट काढतो, आणि अखेर आयुक्त शुक्ला आपल्या माणसांना मोकळे सोडतात. त्यानंतर एकामागून एक चकमकी होतात. १९९८ च्या प्रेक्षागृहात या दृश्यांचे स्वागत झाले असणार, कारण बाहेरही तेच चालले होते. १९९५ ते १९९७ या काळात मुंबई पोलिसांच्या सुमारे ९९ चकमकींत १३५ च्या आसपास माणसे मारली गेली, आणि त्यांच्या खरेपणाबद्दलचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे २३ सप्टेंबर २०१४ रोजी चकमकीत मृत्यू झाल्यास तपास कसा करावा याचे १६ निर्देश देण्यात आले. २००६ मध्ये वर्सोव्यात झालेली एक चकमक बनावट ठरली आणि २०१३ मध्ये सत्र न्यायालयाने १३ पोलिसांसह २१ जणांना जन्मठेप दिली. हे सर्व माहीत असलेल्या प्रेक्षकाला शुक्लांचे बोलणे आता निर्धास्तपणे ऐकवत नाही.

चित्रपट चकमकींचा उघड जयघोष करत नाही, हे त्याच्या बाजूने नोंदवले पाहिजे. चित्रपटगृहातील प्रसंग त्याची साक्ष देतो. सत्या आत असल्याची खबर मिळताच पोलीस एक दरवाजा सोडून सगळे बंद करतात, सत्या गोळी झाडतो, चेंगराचेंगरी होते आणि निरपराध माणसे पायदळी तुडवली जातात. गुन्हेगार आणि पोलीस या दोघांच्या घाईने ते मरतात, आणि दोघांपैकी कुणालाही त्याबद्दल थांबून विचार करायला वेळ नाही. तरीही पटकथेचा कल स्पष्ट आहे. कायदा म्हणजे अडथळा, वकील म्हणजे लबाड, गोळी म्हणजे उपाय, ही मांडणी तिने कुठेही तपासलेली नाही. टोळीच्या प्रत्येक माणसाला तिने चेहरा दिला; चकमकीच्या नावाखाली चुकीचा माणूस मारला गेला तर काय, हा प्रश्न मात्र तिला एकदाही पडला नाही. खांडिलकरही हुकमाचाच ताबेदार आहे, हे दाखवण्याची संधी समोर होती. आदित्य श्रीवास्तव यांच्या चेहऱ्यावर तो थकवा दिसतो, पण संवाद त्याला साथ देत नाहीत.

विद्याविषयी लिहिताना मन द्विधा होते. प्रेमकथेमुळे चित्रपट लांबला आहे. लता मंगेशकर यांच्या आवाजातील 'गीला गीला पानी' ऐकायला सुंदर आहे, आशा भोसले आणि सुरेश वाडकर यांचे 'सपने में मिलती है' तर लग्नाघरांत कायमचे जाऊन बसले, पण प्रेमगीते लागतात तेव्हा कथा जागीच थांबते. ऊर्मिला मातोंडकर यांनी साध्या कपड्यांत, साध्या आवाजात एक मध्यमवर्गीय मुलगी प्रामाणिकपणे उभी केली. लेखकांनी तिला जवळपास शेवटपर्यंत अंधारात ठेवून तिची बुद्धी वापरण्याची संधी नाकारली. तिला गाण्याची पहिली संधी मिळते तीसुद्धा सत्याने संगीतकाराला धमकावल्यामुळे, आणि हे तिला कळतच नाही. तिच्या यशातही अशी खंडणी मिसळलेली आहे. यावर एक अख्खा प्रसंग लिहिता आला असता. चित्रपट तो लिहीत नाही. मात्र शेवटी, भाऊंचा सूड घेऊन, जखमी अवस्थेत सत्या तिच्या दाराशी येतो आणि ती दार उघडत नाही, तेव्हा पहिल्यांदाच या कथेत कुणीतरी ठाम नकार देते. भिकू नकार देऊ शकला नव्हता, खांडिलकरला द्यावासा वाटला नव्हता. दाराच्या एका बाजूला रडणारी विद्या आणि दुसऱ्या बाजूला आपण कोण आहोत हे सांगायला उशीर झालेला सत्या. नायकाला नायिकेच्या मिठीत मरू न देण्याचा हा निर्णय आजही थरकाप उडवतो, आणि दिग्दर्शकाच्या कठोरपणाचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे.

तांत्रिक बाजूंबद्दल थोडेच लिहितो, कारण त्यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. जेरार्ड हूपर आणि मजहर कामरान यांच्या छायाचित्रणात पावसाळी मुंबई ओलसर, करडी आणि अरुंद दिसते. खोल्यांत कॅमेरा माणसांच्या इतका जवळ असतो की भिंतींचा पोपडाही नजरेतून सुटत नाही. संदीप चौटा यांचे पार्श्वसंगीत तेव्हा गाजले, त्याला पुरस्कारही मिळाला, पण आज ते जागोजागी प्रसंगावर चढते. जे नटांनी चेहऱ्यावर आणले आहे ते संगीत पुन्हा मोठ्याने सांगते. विसर्जनाच्या गर्दीत भाऊंना गाठण्याचा प्रसंग नंतर इतक्या चित्रपटांनी उचलला की त्याची धार बोथट झाली आहे. त्यात या चित्रपटाचा दोष नाही.

वर्मा यांनी पुढे 'कंपनी' काढला, इतरांनी डझनांनी टोळीपट काढले, आणि त्यांतल्या बहुतेकांनी 'सत्या'कडून वाकडा कॅमेरा, शिव्या आणि आरोळी एवढेच घेतले. अड्ड्यावरची ती बैठक, प्यारीची खरडपट्टी, हुकूम ऐकून मागे सरणारा भिकू यांपैकी काही त्यांच्या हाती लागले नाही. ज्या तरुण प्रेक्षकांनी हा चित्रपट केवळ मोबाइलवरील तुकड्यांत पाहिला आहे, त्यांनी तो पूर्ण आणि शक्यतो मोठ्या पडद्यावर पाहावा. गाण्यांच्या वेळी कंटाळा येईल, सत्याच्या चातुर्यावर विश्वास बसणार नाही, चकमकींच्या दृश्यांत मनात वाद उभा राहील. भाऊंच्या घरच्या त्या जेवणावळीपर्यंत आलात की भिकूऐवजी थोडा वेळ कल्लू मामाकडे पाहा. सौरभ शुक्ला काही बोलत नाहीत. मालकाने मित्राला समोर मारले आहे आणि पुढचा हुकूम सत्याला संपवण्याचा आहे. तो पाळायचा की नाही हे कल्लूने अजून ठरवलेले नाही, आणि पुढे गाडीत मुळेवर पिस्तूल रोखेपर्यंत त्याच्या चेहऱ्यावरून काय चालले आहे याचा अंदाज लागत नाही.